लेंटमध्ये ख्रिस्ती लोक फक्त मांसाहार सोडतात का? समाज म्हणून त्याला काय अर्थ आहे?

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा उपवासाचा काळ. मी कॅथलिक आहे, त्यामुळे उत्तर मुख्यतः त्या बाजूने.

मांसाहाराचा भाग त्यातला सर्वांत लहान. आमचे नियम तसे सौम्यच: राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस, तेव्हा कपाळाला राख लावतात) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, म्हणजे एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, तेही 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांना. शिवाय लेंटमधल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. खरा कडक उपवास ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चच्या) मंडळींचा, ते दूध-अंडीही सोडतात. येशूने अरण्यात 40 दिवस उपवास केला, म्हणून हा काळ 40 दिवसांचा. कॅलेंडरवर मात्र ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतील. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास कसला? म्हणून मधले सहा रविवार धरत नाहीत.

आता समाजाचं. आज लेंट म्हणजे ज्याचा त्याचा खाजगी निग्रह वाटतो, पण सुरुवातीच्या शतकांत तसं नव्हतं. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या दिवसांत चाले आणि त्यांच्यासोबत इतरही उपवास करत. उघड मोठं पाप केलेल्यांना ख्रिस्तशरीरापासून, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीपासून, दूर ठेवलेलं असे. त्यांचं प्रायश्चित्तही याच काळात. रोममध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी त्यांना परत सामावून घेत. राख आधी अशाच लोकांची खूण होती, मध्ययुगात ती सगळ्यांच्या कपाळी आली. धर्मगुरूही राख लावून घेतात, तिथे कुणाला सूट नाही. मला लेंटमधलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिन्ही बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकत्र येतात. यशया संदेष्टा तर 58व्या अध्यायात सरळ विचारतो की भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच उपवास नव्हे काय? त्यामुळे कुणी चॉकलेट किंवा मोबाईल सोडला तर छानच, पण वाचलेले पैसे आणि वेळ स्वतःपाशीच राहिले तर तो डाएट झाला.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लेंटच्या उंबरठ्यावरच्या रविवारी लोक एकमेकांची क्षमा मागतात, धर्मगुरूसुद्धा. ही प्रथा आमच्यातही असायला हवी होती.

प्रोटेस्टंटांत पंथागणिक फरक आहे. अँग्लिकन, लुथरन लेंट पाळतात, अनेक स्वतंत्र मंडळ्या पाळत नाहीत. तेव्हा एखादा ख्रिस्ती मित्र "आमच्यात नसतं" म्हणाला तर नवल वाटू देऊ नका.