सर ओरडतात, मला खो-खो सोडायचाय

पावसाळ्यात शालेय स्पर्धा जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनाला एकाच प्रकारची तक्रार घेऊन पालक यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी आठवी ते दहावीत, शाळेच्या टीममध्ये, आणि एक दिवस अचानक घरी जाहीर करतात की मी उद्यापासून प्रॅक्टिसला जाणार नाही, सर बेकार आहेत. पालकांचे प्रश्नही ठरलेले. सर नुसते कडक आहेत की खरंच काही चुकतंय हे ओळखायचं कसं, शाळेत बोललो तर टीममधून काढतील का, आणि दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात त्यांचं काय. अशीच एक केस सांगते. मुलगी आणि आईबाबा, तिघांनाही विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी नववीतली, खो-खोच्या सतरा वर्षांखालच्या टीममध्ये. घर सिंहगड रोडला, शाळा पेठेत, साडेसहाची प्रॅक्टिस म्हणजे सहाच्या आत आई तिला गाडीवर मागे बसवून निघणार, पाऊस असो नसो. बाबा स्वतः शाळेत खेळलेले. पुण्यात खो-खोची ओढ जुनी आहे, खेळाचे पहिले नियम १९१४ च्या सुमारास इथल्याच डेक्कन जिमखान्यात ठरले, त्यामुळे बऱ्याच घरांत मागच्या पिढीतलं कुणीतरी खेळलेलं सापडतं आणि मग 'आमच्या वेळी' सुरू होतं. बाबा म्हणाले, "मॅडम, आमचे सर छडी घेऊनच उभे असायचे, आम्ही गेलोच ना? थोडं सहन करायला शिकायला नको का?" आईचं दुसरं टोक, सरळ मुख्याध्यापकांकडे जाऊ, नाही ऐकलं तर टीसी काढू. तोपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांच्या सात पिढ्या काढून झाल्या होत्या. मुलगी दोघांच्या मध्ये बसून ओढणीचं टोक पिळत होती, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिच्याशी एकटीशी बोलले. 'सर चांगले नाहीत' या वाक्यातून मला काहीच कळत नाही, म्हणून अशा वेळी मी मुलांना एवढंच म्हणते की शेवटच्या प्रॅक्टिसचं सांग, गेटमधून आत शिरल्यापासून. ती सांगायला लागली. वॉर्मअपला उशीर झाला म्हणून पाच राउंड मारायला लावले, पण ते ठीक आहे, सगळ्यांनाच लावतात, हे तीच म्हणाली. मग चौकोनात बसली होती, खो मिळाला, उठायला वेळ लागला कारण गुडघा दुखत होता, आणि सर लांबून ओरडले, "ए मालगाडी, हल की!" बाजूला मुलांची कबड्डीची प्रॅक्टिस चालू होती, ती सगळी हसली. दुसऱ्या दिवशी वर्गात मालगाडी, कॅन्टीनपाशी मालगाडी, कुणीतरी तिच्या बाकावर इंजिनाचं चित्र काढून ठेवलं. त्यात पाळीचा दुसरा दिवस, आणि हे पुरुष सरांना कसं सांगणार, म्हणून पोटात दुखत असताना पळत राहिली. नंतर पहिल्या तुकडीत पळणाऱ्या तिघींतून तिचं नाव गेलं, तिच्या जागी दुसरी आली.

यातलं सगळ्यात जास्त काय लागलं असं विचारलं. मला वाटलं मालगाडी म्हणेल. ती म्हणाली, "पहिल्या तुकडीतून का काढलं ते सांगितलंच नाही. मी रात्री झोपताना विचार करते की काय चुकलं असेल."

हे मी इतक्या खेळणाऱ्या मुलांकडून ऐकलंय की आता मला खात्रीच आहे, मुलं ओरडा पुष्कळ खातात, उन्हात पळतात, हरल्यावर बोलणी खातात, पण कारण न सांगता बाजूला बसवलं की ती आतून कुरतडली जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला कारण माहीत नसलं तर ती ते स्वतःच बनवते, आणि बनवलेलं कारण नेहमी 'मीच वाईट आहे' असंच असतं. "पोलपाशी तुझं वळण हळू होतंय, दोन आठवडे त्यावर काम कर, मग बघू" एवढं सरांनी सांगायला अर्धं मिनिट लागतं हो.

तिच्या तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या आणि घरचे त्या एकच समजून भांडत होते. राउंड, वेळ, शिस्त, मोठा आवाज, हा झाला खेळाचा कडकपणा, यावर शाळेत जाऊन भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शरीरावरून नाव ठेवणं, तेही चारचौघांत, हे कडकपणात बसत नाही, यात बाबांचं 'सहन कर' चुकीचं होतं आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. आणि गुडघा ही डॉक्टरांची गोष्ट होती, तिथे ना सरांचं मत चालतं ना आईबाबांचं.

म्हणून पहिल्यांदा गुडघाच दाखवायला पाठवलं. निघालं ऑसगुड-श्लॅटर, वाढीच्या वयातल्या पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये बऱ्यापैकी दिसणारं दुखणं. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर जिथे मांडीच्या स्नायूची दोरी येऊन चिकटते तिथलं हाड अजून वाढत असतं, सारखा ताण बसला की ते दुखतं, सुजतं, तिथे टेंगूळ येतं. खो-खोत चौकोनात खाली बसायचं आणि खो मिळाला की उसळून उठायचं, म्हणजे नेमका तिथेच ताण. वाढ पूर्ण झाली की बहुतेक वेळा ते थांबतं, तोपर्यंत बर्फ, स्ट्रेचिंग आणि प्रॅक्टिस थोडी कमी. डॉक्टरांनी तसं पत्र दिलं. इतके दिवस पोरगी नाटकं करते असं सरांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर घरी बाबांनाही वाटत होतं.

मग सरांशी बोलायची तयारी. माझा आग्रह असतो की नववी-दहावीच्या मुलांनी पहिलं बोलणं स्वतः करावं, पालक सोबत असावेत पण गप्प. आणि मॅच झाल्या झाल्या किंवा ग्राउंडवर सगळ्यांसमोर नको, आधी वेळ मागून स्टाफरूममध्ये. आम्ही ऑफिसमध्ये सराव केला, मी सर झाले. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "सर, तुम्ही नेहमी मलाच बोलता." मी सरांसारखं उत्तर दिलं, "नेहमी? परवा तुझं कौतुक केलं ते विसरलीस?" आणि ती गप्पच झाली. 'नेहमी' म्हटलं की समोरचा अपवाद शोधायला लागतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मग आम्ही वाक्यं छाटत गेलो आणि शेवटी एवढीच राहिली. "सर, मला पहिल्या तुकडीतून काढलंत, मी काय सुधारू ते सांगाल का? मला मालगाडी म्हटलेलं आवडत नाही, वर्गात पण चिडवतात. आणि हे डॉक्टरांचं पत्र." बस्स. पाळीचं आईने शाळेतल्या एका बाईंशी बोलून ठरवलं, मुलींनी बाईंना सांगायचं आणि बाईंनी सरांना फक्त 'आज हिला हलकं द्या' म्हणायचं. कारण विचारायचं नाही.

पुढे सरांशी माझंही बोलणं झालं, शाळेनेच घडवून आणलं. त्यांची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. प्रार्थनेच्या रांगा, पंधरा ऑगस्टची परेड, मधल्या सुट्टीतली भांडणं, स्पर्धांचे फॉर्म, सगळं त्या एका माणसावर, आणि वर्षाच्या शेवटी संस्था विचारणार की जिल्ह्याला किती टीम गेल्या. ते स्वतः शिव्या खात शिकले, त्यामुळे तसंच शिकवतात. मालगाडीबद्दल म्हणाले, "मॅडम, प्रेमाने म्हणतो हो." मला ते खोटं वाटलं नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्यांना बाकावरच्या इंजिनाच्या चित्राचं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

नाव ठेवणं थांबलं. पत्र त्यांनी मानलं, तिला काही आठवडे कमी बसवलं-उठवलं. तुकडी ठरवताना कारण सांगतात, रोज नाही पण सांगतात. आवाज आहे तसाच आहे, पहिल्या तुकडीत ती त्या सीझनला परत आली नाही, आणि तरी ती खेळतेय, कारण कशावर काम करायचंय ते आता तिला माहितीये.

आता एक महत्त्वाचं, हे बोलून सोडवणं सगळीकडे लागू होत नाही. मारहाण, पाणी पिऊ न देणं, दुखापत माहीत असून खेळायला लावणं, नको तिथे हात लावणं, एकटीला बोलावणं, रात्री पर्सनल मेसेज, यातलं काहीही असेल तर मुलीला 'तू सरांशी बोल' म्हणू नका, त्याच दिवशी मोठ्यांनी पुढे व्हायचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, तो ६ ते १४ वयासाठी, पण मूल ज्यांच्या ताब्यात असतं त्यांनी केलेल्या क्रूरतेसाठी बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे आणि ते १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होतं. लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आणि त्यात माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे, शाळेचाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांनाही पाठ हवा. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी असा राज्याचा २०२२ चा निर्णय आहे, तुमच्या शाळेत ती आहे का आणि त्यात कोण आहे हे आजच विचारून ठेवा.

खेळ सोडू द्यावा का, हेही विचारतात. मी मुलांना विचारते की सर नसताना मैत्रिणींबरोबर खेळायला आवडतं का. ही मुलगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लहान पोरांना खो-खो शिकवत होती, म्हणजे खेळावरचा जीव शाबूत होता. पण फक्त प्रॅक्टिसच्याच दिवशी सकाळी पोटात दुखतं, झोप उडालीये, जेवण टाकलंय, असं दिसलं तर काही दिवस थांबवा, एक स्पर्धा बुडाली तर बुडू दे, आणि डॉक्टरांना दाखवून घ्या.

आणि टीममधून काढतील का? कधीकधी काढतात. याच टीममधल्या दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत बोलल्यानंतर सिलेक्शनमध्ये डावललं असं घरच्यांना वाटलं, त्यांनी तारखा लिहून शाळेला लेखी विचारलं, समाधानकारक उत्तर आलं नाही. ती आता संध्याकाळी एका क्लबमध्ये खेळते. शालेय स्पर्धा वेगळ्या आणि खो-खो संघटनेच्या किशोर-कुमार गटाच्या स्पर्धा वेगळ्या, तिथे निवड शाळेच्या सरांच्या हातात नसते, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. त्यामुळे शाळेत तोंड उघडायच्या आधी जवळचा एखादा क्लब बघून ठेवा, तिथली प्रॅक्टिस एक-दोनदा पोरीला दाखवून आणा. दुसरीकडे जागा आहे हे माहीत असलं की बोलताना आईबाबांचाही आवाज कापत नाही.