स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस जुनी घ्यायची आहे: २३० की २४५? ठेवायला कोणती आणि चालवायला कोणती?

रावेरच्या एका भाऊंनी विचारलंय की केळीचे पैसे हातात आलेत, वापरलेली ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, घ्यायची आहे, २३० पण बघितली आणि २४५ पण बघितली (हे आकडे ताकदीचे, पीएस म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये), दहा वर्षांनी किंमत टिकेल अशी हवी आणि चालवायला मजा पण यायला हवी, तर कोणती घेऊ, की नवीन २६५ मिळते का ते बघू.

भाऊ, आधी उत्तर सांगतो, कारण नंतर सांगतो. जपून ठेवायची असेल तर २४५. दर पंधरा दिवसांनी कन्नड घाटात न्यायची असेल तर २३०. आणि २६५ च्या मागे लागू नका, त्या देशात फक्त १०० आल्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये लाँच व्हायच्या आधीच सगळ्या बुक होऊन संपल्या आणि एक्स शोरूमच ४९ लाख ९९ हजार होती, आता कोणी विकली तर वर पैसे मागेल आणि तुम्हाला ती घाटात न्यायची हिंमत होणार नाही.

आता हे मी कशावरून सांगतोय ते पण सांगतो. माझे मोठे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पारोळ्याला त्यांची जिनिंग होती. त्यांनी २००५ मध्ये पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस घेतली, लाल, आणि आमच्या घरात गाड्यांचं वेड तिथून सुरू झालं. भडगाव, चाळीसगाव करत कन्नड घाटातून संभाजीनगरला जायचो, मी पुढे बसायचो आणि दुसऱ्या गिअरवर वळणातून निघताना टर्बो भरला की पाठ सीटला चिकटायची, ते मी आजपर्यंत विसरलो नाही. ती गाडी आता माझ्याकडे आहे, एमएच १९ पासिंग, १५ वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन रिन्यू केली, आणि ती मी विकणार नाही.

त्या गाडीत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलेंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० पीएस ताकद आणि पाच गिअर हाताने टाकायचे. युरोपात हीच आरएस १८० पीएसची होती, आपल्याकडे १५० चीच आली. पण २००४ मध्ये ती आली तेव्हा आपल्याकडे या किमतीत टर्बो पेट्रोल सेदान म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत पण नव्हतं आणि ती लांब कुठून नाही, आपल्या शेजारी संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत जोडून निघायची.

मग २०११ मध्ये लॉरा आरएस आली, दुसऱ्या पिढीची ऑक्टेव्हिया आपल्याकडे लॉरा नावाने विकायचे. इथे लोकांची फसगत होते. नावात आरएस आहे, सस्पेन्शन कडक आहे, सहा गिअरची मॅन्युअल आहे, पण इंजिन साध्या लॉरा पेट्रोलचंच, १.८ टीएसआय १६० पीएस. म्हणजे चालवायला छान, आजच्या भावात एवढी मजा दुसरी गाडी देणार नाही, पण संग्रहाची गाडी म्हणून तिच्याकडे बघू नका. त्या काळातल्या इंजिनात टायमिंग चेनच्या टेन्शनरचा आणि ऑइल पिण्याचा त्रास असतो, ते मिस्त्रीला दाखवल्याशिवाय तर हात पण लावू नका.

२३० आली २०१७ मध्ये, साधारण साडेचोवीस लाखाला एक्स शोरूम, आणि हे खरं इंजिन. २.० लिटर, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. सगळ्या मिळून साधारण ५०० विकल्या. २४५ आली २०२० मध्ये, फक्त २००, पूर्ण तयार गाडी बाहेरून आणलेली, म्हणून किंमत ३५ लाख ९९ हजार. २४५ पीएस, ३७० न्यूटन मीटर, सात गिअर. आता तुम्ही कागद बघितला तर वाटेल १५ पीएससाठी अकरा लाख जास्त, कोण देईल? शून्य ते शंभरला पण ६.८ सेकंदाच्या जागी ६.६, एवढाच फरक. मला पण तसंच वाटायचं.

फरक ताकदीत नाही, फरक पुढच्या चाकांच्या मध्ये आहे. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. वळणात जोर दिला की आतलं चाक हलकं पडतं आणि जागेवर फिरायला लागतं, ताकद तिथेच वाया जाते आणि गाडी बाहेरच्या बाजूला पळते. २३० मध्ये कॉम्प्युटर त्या आतल्या चाकाला हलका ब्रेक लावतो. काम होतं, पण सलग दहा-पंधरा वळणं जोरात घेतली की ब्रेक तापतात आणि ताकद पण थोडी मारली जाते. २४५ मध्ये मधोमध क्लचचा एक संच आहे, इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल म्हणतात त्याला, तो ताकद उचलून बाहेरच्या चाकाकडे देतो, ब्रेक लावून मारत नाही. माझ्या मित्राची २४५ घेऊन मी अजिंठ्याच्या घाटात गेलो होतो, फर्दापूरच्या पुढे चढताना वळणाच्या मध्यावर पाय दाबला तर गाडी बाहेर जायच्या ऐवजी नाक आत घालते, पहिल्यांदा मी घाबरून पाय काढला, एवढं ते वेगळं वाटतं. त्यामुळे मी आता कोणाला म्हणत नाही की दोन्ही सारख्याच आहेत.

पण खरं सांगा, असं तुम्ही किती वेळा चालवणार? रावेर ते सावदा, फैजपूर, भुसावळ, मध्ये केळीचे ट्रक, ऊसाच्या ट्रॉल्या, दर गावाला गतिरोधक. तिथे २३० पुरून उरते. आणि दोन्ही गाड्या खाली आहेत, चार माणसं बसवून उंच गतिरोधकावरून तिरपी नाही काढली तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, घासतोच. २३० चा चेंबर घासला तर वाईट वाटतं आणि आपण पुढे जातो, २४५ चा घासला की घरी येऊन टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतो माणूस, मित्राला मी बघितलंय.

आपल्याकडे जळगावच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं असतं ना, एक चोख सोन्याची वेढणी घेऊन तिजोरीत टाकतं आणि दुसरं पाटल्या-बांगड्या घडवून लग्नाकार्यात घालतं. वेढणी मोडायला नेली तर भाव पूर्ण येतो, दागिन्यात घडणावळ जाते पण तो अंगावर मिरवलेला असतो. २४५ ही वेढणी आहे आणि २३० हा दागिना. फक्त सोनं तिजोरीत खराब होत नाही, गाडी होते, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, शेडमध्ये उभ्या गाडीचे सुद्धा रबर कडक होतात, टायरला चिरा पडतात, बॅटरी बसते, सील सुकतात आणि मग ऑइल गळतं. दोन वर्षं कव्हर घालून ठेवलेली कमी किलोमीटरची २४५ बघून खूश होऊ नका, त्यापेक्षा ४० हजार चाललेली, दर वर्षी ऑइल बदललेली गाडी मी डोळे मिटून घेईन.

किंमत टिकायचं म्हणाल तर नुसत्या संख्येने ती टिकत नाही. २०० आल्या म्हणून २४५ भारी, हे अर्धंच खरं. त्या पिढीची ती शेवटची आणि सगळ्यात पूर्ण आरएस आहे, बीएस ६ आहे, कॉम्प्युटरचे सगळे लाड त्यात आहेत तरी बटणं हाताला लागतात, म्हणून लोक ती सोडत नाहीत. आणि माझं एक मत आहे जे बऱ्याच जणांना पटत नाही, पण मांडतो. २३०, २४५, २६५, तिन्हीमध्ये आपल्याकडे मॅन्युअल आलीच नाही. युरोपात २३० आणि २४५ ला मॅन्युअल मिळायची. म्हणजे तिसरा, क्लचचा पेडल असलेल्या आरएस आपल्याकडे पहिली आणि लॉरा, दोनच. पंधरा-वीस वर्षांनी पोरं इलेक्ट्रिक गाड्यांवर शिकून आलेली असतील तेव्हा हाताने गिअर टाकायची चांगल्या अवस्थेतली २००४-०५ ची आरएस कोण कितीला घेईल हे मला बघायचंय. सरकारी नियमाप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला ५० वर्षं लागतात, तिला अजून खूप वेळ आहे, पण मन जडायला ५० वर्षं लागत नाहीत. फक्त त्या गाडीचे पार्ट शोधायला मी मुंबई, पुणे, इंदूर सगळीकडे फोन केलेत, एका साध्या सेन्सरसाठी गाडी दोन महिने उभी होती. तुमचं पहिलंच आरएस असेल तर ते काम गळ्यात घेऊ नका.

नावामागचं पण माहीत असू द्या, आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. १९७५ ची १३० आरएस, १९७७ च्या मोंटे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला आणि १९८१ ला युरोपियन टूरिंग कारचं विजेतेपद पण आणलं. म्हणून मला ही गाडी नुसती शोरूमसमोर उभी करून फोटो काढायची वाटत नाही.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं, २३० घ्या. वाचलेल्या पैशातून टायर चांगले टाका, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल जिथे मिळेल तिथून भरा, डीएसजीचं ऑइल वेळेवर बदला. दोन्ही गाड्यांचे डीएसजी ओल्या क्लचचे आहेत, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे साध्या गाड्यांमधल्या सुक्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीला आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये जो त्रास होतो तो यांना तेवढा नाही. पण ऑइल बदलायला खर्च आहे म्हणून बरेच मालक टाळतात, बिल मागा.

बघायला जाल तेव्हा रिमॅप झालेली आहे का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीय का, ते आधी विचारा, कारण २३० पैकी खूप गाड्या लोकांनी रिमॅप करून ३०० च्या आसपास नेल्यात, चालवायला जबरदस्त वाटतील पण आधीच्या मालकाने रोज ताणली असेल तर गिअरबॉक्सने ते सोसलेलं असतं. मूळ एक्झॉस्ट, मूळ अलॉय, दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, हे सगळं मूळ असेल तर थोडे जास्त द्या पण तीच घ्या. आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी थंड इंजिनवर बॉनेट उघडा, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे, तिथून कूलंट पाझरतं, सुकलेला गुलाबी डाग दिसतो. डाग दिसला तर गाडी सोडू नका, त्याचा खर्च भावातून कापून घ्या, ते काम करून घेतलं की उन्हाळ्यात कन्नड घाट चढताना टेंपरेचरची सुई मध्यावर राहते.