अर्धसूत्री: यातलं 'अर्ध' कुणाचं?

मुलीच्या दहावीच्या पुस्तकात पेशी विभागण्याचे दोन प्रकार, 'सूत्री विभाजन' आणि 'अर्धसूत्री विभाजन' वाचून गडहिंग्लजच्या एका पालकांनी विचारलंय: अर्धसूत्री म्हणजे अर्धवट राहिलेलं विभाजन का? आणि यातलं सूत्र कुठलं, गणितातलं?

गणितातलं नव्हे, मंगळसूत्रातलं. सूत्र म्हणजे दोरा. विभागणाऱ्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यांसारखं काहीतरी दिसे, म्हणून फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून 'मायटोसिस' हे नाव केलं. तोच धागा आपल्या 'सूत्री'त आला. हे धागे म्हणजेच गुणसूत्रं, आईबापांचे गुण पुढे नेणारी. १९०५ साली आलेल्या 'मायोसिस'चा, म्हणजे अर्धसूत्रीच्या इंग्रजी नावाचा, ग्रीक अर्थ मात्र नुसता 'घट'. घट किती, हे मराठीने नावातच सांगून टाकलं. मला तरी आपला शब्द सरस वाटतो.

फक्त तो नीट फोडायला हवा. 'अर्धकच्चा', 'अर्धमेला' यांच्या चालीवर गेलात की फसलात. इथे अर्धी होतात ती सूत्रं, विभाजन नाही. उलट अर्धसूत्रीत पेशी लागोपाठ दोनदा विभागते, एकीच्या चार होतात!

आजऱ्याचा घनसाळ भात घ्या. भाताच्या पानात, मुळात प्रत्येक पेशीत २४ गुणसूत्रं. रोप वाढतं ते सूत्री विभाजनाने, २४ ची २४ च. फुलातल्या परागकोषात परागकण आणि बीजांडात अंडपेशी तयार होताना अर्धसूत्री होतं, उरतात १२. परागकणात पुढे पुन्हा सूत्री होऊन दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, बनतात. एक अंडपेशीला मिळतं: पुन्हा २४, हा गर्भ. दुसरं बीजांडातल्या मधल्या दोन केंद्रकांना मिळतं: १२ तिरके ३६, हा भ्रूणपोष, गर्भाची शिदोरी. सडीक तांदळाचा पांढरा दाणा म्हणजे जवळजवळ सगळा हाच. छत्तीसचा आकडा आपण रोज आमटीबरोबर कालवून खातो तो असा.

उसाचं निराळं. कांडीवरचा डोळा फुटतो तो निव्वळ सूत्री विभाजनाने, म्हणून ८६०३२ या जातीचं बेणं लावलं की ८६०३२ च उगवतो. संकरातून नवी जात काढायची तर तुरा हवा, कारण अर्धसूत्री तिथे होतं. शेतकरी ज्या तुऱ्याला शिव्या घालतो, त्याचीच पैदासकार वाट बघत बसतो.

'अर्धगुणसूत्री' असंही कुठे कुठे छापलेलं दिसतं. अर्थ तोच. मुलीला मात्र पेपरात पुस्तकातलाच शब्द लिहायला सांगा.