वाचक विचारतात: वरच्या साईटचा चिखल आमच्या पार्किंगमध्ये

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी आहे. वरच्या बाजूला एका बिल्डरने उन्हाळ्यात पोकलेन लावून चारेक एकर उतार सपाट केला आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात सगळा लाल चिखल आमच्या पार्किंगमध्ये. बोलायला गेलो तर सुपरवायझर म्हणतो, काका, वरचं पाणी खाली येणारच, कायदाच आहे तसा. खरंच आहे का? मुलगा टेक्सासला बांधकामावर असतो, तो म्हणतो तिकडे यासाठी वेगळं परमिट लागतं. आपल्याकडे असं काहीच नाही का?
— एका सोसायटीचे चेअरमन

उत्तर : काका, सुपरवायझरला कायदा माहितीये, पण अर्धाच. १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट, म्हणजे शेजारच्या जमिनीवरच्या हक्कांचा कायदा आहे, त्याच्या कलम ७ मध्ये उदाहरण दिलंय की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपसूक खाली वाहत येत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं. आता आपसूक म्हणजे उतारावरून, गवतातून, जसं पूर्वीपासून येत होतं तसं. पोकलेनने उतार कापायचा, भराव टाकायचा, सगळं पाणी एका कोपऱ्यात गोळा करून तुमच्या भिंतीवर सोडायचं आणि वर मुरूमही पाठवायचा, हे त्यात कुठे बसतं? पुढच्या वेळी त्याला एवढंच विचारा.

पाणी किती वाढतं त्याचा हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला की एकरी दोन लाख लिटर, दहा हजारवाले वीस टँकर. चार एकराचे ऐंशी. आधी यातलं बरंचसं गवतात, मातीत अडायचं, मुरायचं, उरलेलं सावकाश उतरायचं. आता रोलर फिरवून दाबलेल्या मुरमावर पडतं आणि तासाभरात खाली. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधली होती, तेही निम्मं पाणी मुरेल असं समजून. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या अहवालाने ५० मिलिमीटर धरा म्हटलं आणि मुरण्याचं गृहीतच काढून टाकलं, जेवढं पडेल तेवढं वाहणार. मोकळी जमीन राहिलीच कुठे होती म्हणा.

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची तर आधी परमिट, आणि पाणी कुठून जाईल, गाळ कुठे अडेल याचा लेखी प्लॅन, तोही साईटवर अधूनमधून तपासायचा. आपल्याकडे उकरलेल्या जमिनीवर असा थेट हिशोब नाही, आपण बांधकाम मोजतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्यापुढच्या बिल्टअपला पर्यावरण मंजुरी लागते. म्हणजे टेकडी कापून नुसतं प्लॉटिंग करणारा छोटा माणूस यातून अलगद निसटतो, आणि माझ्या मते खरी गोची इथेच आहे, कारण चिखल बिल्टअप बघून येत नाही.

तुमच्या वरचा प्रोजेक्ट मोठा असेल तर आधी महारेराच्या साईटवर त्याचा मंजूर लेआउट काढा, मग परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचं पत्र शोधा. त्यातल्या अटी नीट वाचा, वरची माती जपून ठेवणं, पावसाळी लाईन असं काहीबाही त्यात असतं, आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा रिपोर्ट द्यायचा असतो तोही बघा. कापलेला मुरूम बाहेर विकला असेल तर ते गौण खनिज, रॉयल्टी भरली का हे तहसीलदारांकडे विचारता येतं. त्याच प्लॉटवर भरावाला वापरला असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं 'टेकडी फोडली' असा अर्ज केलात तर फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसते.

पुरावा मात्र पावसातच गोळा करा. पाणी तुमच्या हद्दीत शिरतं नेमकी ती जागा, तारीख-वेळेसकट व्हिडिओ. पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी किती बोटं गाळ बसला त्याचा फोटो. पाऊस थांबला की चेंबरचं झाकण उघडा, आत लाल मुरूम असेल तर तो तुमच्या काळ्या मातीच्या बागेतला नाही हे ज्युनिअर इंजिनीअरला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि बिल्डरकडे मागायचं काय? उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले समतल चर, खालच्या कडेला गाळ बसायला खड्डा, तोही दर मोठ्या पावसानंतर उपसलेला, उघड्या मातीवर गवत किंवा निदान ताडपत्री, आणि मातीचे ढीग ओढ्यापासून लांब. आपल्या गावोगावी पाणलोटाच्या कामात बायामाणसांनी टिकाव-फावड्याने असे चर काढलेत, चार एकरवाल्याकडे तर पोकलेन उभाच आहे. हिरवी जाळी बांधून फोटो पाठवला तर ऐकू नका, ती धुळीसाठी असते. ओढ्यात पाईप टाकून वरून रस्ता करायचा घाट असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

प्रश्न : माझ्या शेताशेजारी लेआउट पडला, त्यांनी सलग कंपाउंड वॉल घातली. पूर्वी माझ्या रानातलं पाणी तिकडून निघून जायचं, आता भिंतीला थटून सोयाबीनमध्ये आठ-आठ दिवस उभं राहतं. कोर्टात जाऊ का?
— एक शेतकरी, मराठवाडा

उत्तर : दादा, थेट दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढू नका. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ नावाचं जुनं पण कामाचं हत्यार आहे, त्याच्या कलम ५ खाली शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेत कुणी बेकायदा अडथळा घातला तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात. पण मुदत सहा महिन्यांचीच! भिंत उभी राहिल्यापासून दिवस मोजा. 'बघू, बोलून मिटेल' करत दिवाळी ओलांडली की हा रस्ता बंद होतो, मग दिवाणी दावा आणि वकिलाची फी. अर्जासोबत सातबारा, नकाशा आणि उभ्या पाण्याचे फोटो लावा. बऱ्याचदा समोरचा नोटीस मिळाली की भिंतीला खालून पाण्यासाठी मोऱ्या ठेवायला तयार होतो. त्या मोऱ्या तुमच्या बांधाच्या सगळ्यात सखल जागी हव्यात, त्याच्या सोयीच्या जागी नकोत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकायचेत, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाणी आपोआप मुरेल. आणि गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडू का?
— एक सेक्रेटरी, नाशिक

उत्तर : खाली कॉन्क्रीटचा थर टाकून वर पेव्हर बसवले तर थेंबही मुरत नाही, खडी-वाळूवर आणि फटी ठेवून बसवले तर थोडंफार मुरतं. कोटेशनमध्ये खालचा थर कसला ते लिहून घ्या. झाडांभोवतीची माती तरी मोकळी सोडा हो. गच्चीचं पाणी फिल्टर लावून बोअरला चालेल, पहिले एक-दोन पाऊस बाहेर जाऊ द्या. पार्किंगचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात ऑइल असतं आणि गाळाने बोअर बुजते. आणखी एक, गच्चीचे पाईप कुणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेत का ते आधी तपासा, मोठ्या पावसात तळमजल्याच्या टॉयलेटमधून घाण वर येते ती बहुतेक वेळा यामुळेच.