बसायची रिंग, दंडातले फुगे आणि पाठीचा डबा

प्रश्न : आमचा मुलगा दीड वर्षाचा आहे. दरवर्षी सुट्टीत आम्ही निपाणीजवळच्या गावी, माझ्या सासरी जातो. तिथे मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे आणि घरातली सगळी मुले त्याच विहिरीत पोहायला शिकली. ह्यांनी बाळासाठी आत बसायची फुगवायची रिंग आणि दंडात घालायचे फुगे आणले आहेत. मामंजींचे म्हणणे असे, की पाठीला डबा बांधला की पोर आपसूक शिकते. त्याआधी बेळगावातल्या जलतरण तलावावरही त्याला नेण्याचा आमचा विचार आहे. यांपैकी काय वापरावे? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, दीड वर्षाच्या मुलाला पाण्याची ओळख जरूर करून द्यावी, मात्र ती तलावाच्या उथळ भागात, मोठ्या माणसाच्या हातात असताना करून द्यावी. विहिरीत नको आणि कोणत्याही फुग्याच्या भरवशावर तर मुळीच नको.

आपल्या भागातल्या कितीतरी पिढ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकल्या, त्यामुळे मामंजींचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. डबा पाठ वर उचलून धरतो, अंग पाण्यावर आडवे होते, हातपाय मारायला मोकळे राहतात आणि मूल सरावले की डबा काढता येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला, शेजारी चांगला पोहणारा माणूस असताना, त्याचा खरोखरच उपयोग होतो. दीड वर्षाच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि ते पुन्हा पुन्हा पाण्याबाहेर उचलून धरण्याइतकी ताकद मानेत नसते. अशा वेळी पाठीवरचा डबा पाठ वर ढकलतो तसे तोंड पाण्यात जाते, आणि ते बाहेर कसे काढायचे हे मुलाला कळत नाही. शिवाय विहिरीत पायऱ्या संपल्या की पायाखाली काही नसते, पाणी गार असते आणि शेवाळलेल्या पायरीवर मूल कडेवर घेऊन उभे राहणे मोठ्या माणसालाही अवघड जाते. तेव्हा डबा आणि विहीर दोन्ही आणखी काही वर्षांनी.

बसायच्या रिंगेला माझा स्पष्ट विरोध आहे. तिच्यात मुलाचे पाय दोन भोकांत अडकलेले असतात आणि धड पाण्याच्या बरेच वर राहते. मूल खेळण्यासाठी एका बाजूला झुकले किंवा शेजारून कोणी उडी मारली, तर रिंग उलटते. मग डोके पाण्याखाली आणि पाय वर अशी स्थिती होते, ज्यातून मुलाला स्वतःहून सुटता येत नाही. ती वापरूच नका.

दंडातले फुगे त्या मानाने बरे. पण तेही खेळापुरते, आणि तेही आपला हात मुलाजवळ असतानाच. दंड थोडा ओला करून फुगा कोपराच्या वर, काखेजवळ चढवावा, मग तो तिथेच पूर्ण फुगवावा आणि हवेचे तोंड आत दाबून बसवावे. त्यानंतर मुलाचे हात डोक्यावर सरळ धरून फुगा हलकेच ओढून पाहावा. तो सरकून हातात आला, तर पाण्यातही तसाच निघेल. या फुग्यांचा आणखी एक दोष पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. ते मुलाला पाण्यात उभे धरतात, तर पोहायचे असते आडवे होऊन. रोज फुगे घालून पाण्यात उतरणाऱ्या मुलाची अशी समजूत होते, की आपण पाण्यात गेलो की तरंगतोच. आणि फुगे नसताना ते त्याच विश्वासाने काठावरून पाय टाकते. म्हणून पाण्यातला निम्म्याहून अधिक वेळ फुग्यांविना, आपल्या हातात जावा.

तलावावर मुलाला समोर तोंड करून छातीशी धरा आणि खांद्यांपर्यंत पाण्यात घ्या. आपण ओठांनी पाण्यात बुडबुडे काढा, ते पाहून तेही काढू लागेल. नंतर त्याचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून त्याला उताणे तरंगू द्या, आणि काठाकडे वळवून दोन्ही हातांनी काठ पकडायला लावा. काठ पकडण्याची ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. पाण्याखाली बळेच बुडवू नका. पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि ओठ निळसर दिसले किंवा अंग थरथरले तर त्याआधीच बाहेर काढून कोरडे करा. एक वर्षानंतर दिलेल्या पोहण्याच्या शिकवणीने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ सांगते. त्याचबरोबर एवढ्या लहान मुलाजवळचा मोठा माणूस हात लांबवताच स्पर्श होईल इतक्या अंतरावर असावा, असाही तिचा आग्रह आहे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे काठावर बसून आवाजावर लक्ष ठेवणे पुरेसे नाही.

होडीत बसायचा प्रसंग आला, तर लाइफ जॅकेटच घाला. ते मुलाच्या वजनाला लागू असावे, त्याला मानेमागे आधार आणि पायांमधून जाणारा पट्टा असावा. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढले असता हनुवटी आत गेली, तर ते मोठे होते असे समजावे.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात घालायची फुगवलेली रिंग भेट आली आहे. टबमध्ये वापरावी का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : वापरू नये. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा रिंगांबद्दल इशारा दिला. त्यात एका बाळाच्या मृत्यूचा उल्लेख होता, आणि ज्यांची वाढ मंद आहे किंवा ज्यांना विशेष गरजा आहेत अशा बाळांना मोठा धोका सांगितला होता. हवा थोडी कमी झाली तरी बाळाची हनुवटी आत घसरते, आणि मानेवर ताण येतो तो वेगळाच. बाळाला एका हाताने मानेखाली आधार देऊन थोड्याशा कोमट पाण्यात अंघोळ घाला, आणि फोन वाजला तर बाळाला सोबत घेऊनच उठा. ती रिंग दुसऱ्या कोणाच्या बाळासाठीही देऊ नका. कापून टाकून द्या.