पेस्ट लावणारे हात

प्रश्न : डॉक्टरबाई, आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. माल युरोपला जातो आणि रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या, तपासणीत दरवर्षी पास होतो. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्ट लावायला येणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघतात. यंदा आमच्या एका गड्यानं दिवसभर पेस्ट लावली, संध्याकाळी थोडी घेतली, तर तोंड लालभडक, छातीत धडधड आणि धाप. दवाखान्यात विषबाधेची रक्ततपासणी नॉर्मल आली. दारू नकली असेल म्हणून परत पाठवलं. द्राक्षात विष नाही, मग माणसाला कसं होतं? यावर आपल्याकडे कुणी संशोधन करतं का?
— एक बागायतदार भगिनी

उत्तर : ताई, दारू अस्सल असतानाही हे होतं. वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात, तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग एक विकर (एन्झाइम) ते लगेच मोडून टाकतं. सायनामाइड नेमकं हे विकर बंद पाडतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि तुम्ही लिहिलंय तसंच सगळं होतं. जपानमध्ये दारू सोडवायला सायनामाइड औषध म्हणून देतात, ते याच गुणामुळे. तुमच्या गड्यानं हे औषध न मागता, कातडीवाटे घेतलं, एवढाच फरक!

रक्ततपासणी नॉर्मल येणारच होती. आपल्याकडे फवारणीची विषबाधा म्हटलं की रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर बघतात. ते ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांनी उतरतं, सायनामाइडनं नाही. म्हणून दवाखान्यात जाताना रिकामी बाटली सोबत न्या. याच्यावर वेगळा उतारा नाही. नाडी, रक्तदाब, श्वास सांभाळत उपचार करावे लागतात, आणि त्यासाठी काय अंगात गेलंय हे डॉक्टरांना कळायला हवं.

आता तुमचा खरा प्रश्न. पेस्ट सुप्त काडीवर लागते, घड यायला अजून अवकाश असतो. त्यामुळे द्राक्ष स्वच्छ निघतं. ती तपासणी खाणाऱ्यासाठी आहे, हातांसाठी नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता, तपासण्या लगेच कडक झाल्या. पण याच युरोपनं २००८ मध्ये हायड्रोजन सायनामाइडला मंजुरी नाकारली होती, आणि त्यात मोठं कारण होतं ते लावणाऱ्या मजुराला असलेला धोका. ती बातमी आपल्या बांधावर पोचलीच नाही. माल परत आला असता तर पोचली असती, असं मला वाटतं.

संशोधन होतं का? होतं, पण आपल्याकडे ते बऱ्याचदा माणसं मेल्यावर जागं होतं. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेलं धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. कीटकनाशक कायदा आला १९६८ मध्ये. लखनौची विषविज्ञान संस्था १९६५ची, अहमदाबादची व्यवसाय-आरोग्य संस्थाही जवळपास त्याच काळातली. भोपाळची पर्यावरण-आरोग्य संस्था मात्र वायुकांडानंतर तब्बल २६ वर्षांनी, २०१० मध्ये उभी राहिली.

मला जास्त भावतं ते कोस्टारिकातलं काम. तिथं केळीच्या मळ्यांवर विमानातून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारतात. हो, तेच, आपण द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर मारतो ते. तिथल्या संशोधकांनी २०१० पासून मळ्यांजवळच्या साडेचारशेच्या आसपास गरोदर बायकांची लघवी तपासली. मॅन्कोझेबपासून होणारा ईटीयू हा पदार्थ, जो थायरॉइडला त्रास देतो, मळ्याजवळच्या बायकांत जास्त सापडला. केळी तपासून हे कधीच कळलं नसतं. तासगाव-पलूसच्या बायकांची अशी पाहणी व्हायला हवी, आणि ती आपल्याच विद्यापीठांनी करावी.

तोवर कापडी हातमोजे आधी बंद करा. ते पेस्ट शोषून कातडीला धरून ठेवतात. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) द्या, डोळ्यांना गॉगल, आणि जेवणाआधी साबण-पाणी बांधावरच. पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारू नको, हे मुकादमाकडून नव्हे, तुम्ही स्वतः सांगा. मुकादम हसण्यावारी नेतो.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे, रसायनशास्त्र. विषविज्ञानात पुढं काही आहे का?
— एक विद्यार्थी, पलूस

उत्तर : आहे. लखनौ आणि अहमदाबादच्या संस्थांची संकेतस्थळं आधी बघ. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र चालतं, तेही वाच. आणि सुट्टीत द्राक्षाच्या रेसिड्यू प्रयोगशाळेत काम मिळतंय का विचार. ज्या यंत्रावर द्राक्षाचा अंश मोजतात, त्याच प्रकारच्या यंत्रावर लघवीतलाही मोजता येतो.