न्हाणी वरच्या मजल्यावर नेणार असशील तर आधी हे बघ

भावा, टाइल्स नंतर बघ की, आधी खाली काय आहे ते बघ. शहापूर, वडगावकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडी तुळया, तसल्या माळ्यावर न्हाणी बांधायची म्हणजे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातच लावू नको, नुसती ५०० लिटरची टाकी भरली तरी अर्धा टन वजन होतंय. स्लॅब असला तरी खालच्या संडासाच्या बरोबर वरच जागा धर, म्हणजे ४ इंची पाइप सरळ खाली उतरतो, आडवा लांब नेलास की उतार मिळत नाही आणि मग सारखं चोकअप. कमोडसाठी स्लॅब फोडून बीम तोडायला गवंडी म्हणाला तर सरळ नको म्हण, त्यापेक्षा फ्लोअर उचलून घे, एक पायरी चढावी लागली तर लागूदे.

वॉटरप्रूफिंगमध्ये अजिबात घाई नको हं. आमच्यात टेस्ट न करताच टाइल्स बसवल्या, पहिल्याच पावसाळ्यात खाली देवघराचं छत ओलं झालं, आईला लई वाईट वाटलं. कोटिंग भिंतीवर पण वर घ्यायचं, वाळलं की पाणी तुंबवून दोन दिवस ठेव आणि खालून रोज बघ. व्हेंट पाइप, म्हणजे संडासाच्या पाइपातली घाण हवा बाहेर सोडणारा पाइप, छताच्या वर काढ, नायतर वास येतोय.